तिरपा आरसा

उदगीरला, मोंढ्याच्या तोंडाशी, आमचं चपलांचं दुकान.
अप्पा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत.
पायरीवर पाय पडला की नंबर सांगायचे:
सात. सहा, पंजा रुंद.
तुमचा डावा उजव्याहून थोरला आहे, मामा.
कधी चुकले नाहीत.

शुगर निघाली तेव्हा मी दहावीला होते.
कागदावर तीनशे बारा.
अप्पांनी तो आकडाही चपलेच्या नंबरासारखा वाचला
आणि खोक्यात घालून वरच्या फळीवर ठेवून दिला.
गोळ्या आणल्या. महिनाभर खाल्ल्या.
मग बरं वाटायला लागलं,
आणि आमच्याकडे बरं वाटलं की माणूस बरा होतो.

"कामून बंद केल्या?"
"खाऊन खाऊन आणखी बीमार पडायलो मी.
आन् दुखायलंय कुठं?"

खरंच कुठं दुखत नव्हतं.
रात्री तळपायाला मुंग्या यायच्या,
त्याही एक दिवस आल्या नाहीत.
अप्पा म्हणाले, बघ, गेल्या.
कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली,
निलंग्याच्या कुण्या बाबाची राखाडी पुडी झाली.
राहिली ती सरकारी दवाखान्यातली फुकटची गोळी,
दुकानापासून एका बिडीच्या अंतरावर.

येळवसेला शेतात गेलो.
कडब्याची कोप, मडक्यातलं आंबील,
भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर
(अप्पांनी दोनदा घेतली, आईनं मान वळवली).
चांगभलं म्हणत, आंबील शिंपडत
अप्पा कोपीभोवती अनवाणी फिरले.
तुरीचा सड टाचेत कधी घुसला
ते टाचेनं सांगितलं नाही.
घरी आलो, तर उंबऱ्यापासून चुलीपर्यंत
एकाच पायाचे लाल ठसे,
आणि अप्पा मागं वळून विचारतायत,
"कुणाला लागलं गं?"

हळद भरली. मग मलम. मग नुसतंच फडकं.
दुकानात वास यायला लागला,
आम्हाला वाटलं नव्या मालाच्या चामड्याचा.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी नाकाला रुमाल लावला नाही,
एवढं मला आठवतं.
आधी दोन बोटं गेली. मग पाऊल.
मग गुडघ्याखाली चार बोटं सोडून सगळं.
कागदावर सही मी केली, अप्पांचा हात थरथरत होता.
परत आल्यावर दुकानाच्या पायरीशी कुबड्या टेकून म्हणाले,
"सांग, माझा नंबर काय आता?"
मी माल लावत राहिले.

पुढे जळकोटचे मौलालीमियाँ आले, उजवा गेलेला.
अप्पांचा डावा.
एका जोडीत दोघांचं भागलं असतं,
पण मियाँचा नंबर आठ आणि अप्पांचा नऊ.
मी म्हटलं, कापूस घालून देते.
अप्पा ओरडले. गिऱ्हाइकासमोर पहिल्यांदाच.
"ढिली चप्पल घासती. घासली की फोड.
फोड आला तर तुम्हाला कळायचं नाही, मियाँ.
मला कळलं नव्हतं."

आता इन्शुलिनची बाटली माठाच्या कडेला,
ओल्या फडक्यात. लाइटीचा भरवसा नाही.
आणि जमिनीवर तो तिरपा आरसा,
ज्यात लोक नवी चप्पल बघायचे,
त्याच्यासमोर अप्पा चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाला बसवतात:
"पाय उलटा करा."
कुणी हसतं. कुणी लाजून साडी ओढतं.
देवणीच्या एका बाईच्या टाचेत काचेचा तुकडा निघाला,
तीन दिवसांचा तरी असेल.
"अगं बया," ती म्हणाली, "ह्यो कवाचा?"

यंदा माझीही निघाली. उपाशीपोटी एकशे चाळीस.
शटर अर्धं ओढून मी स्टुलावर बसते,
एक पाय उचलून आरशात धरते, मग दुसरा.
भेगा, जुना कुरूप, बोटांमधली धूळ.
वहीतून मान न काढता अप्पा विचारतात,
"गोळी?"
"खाल्ली."
"पाकीट दाखव."